नवा गुडघा, जुने कान

दुष्काळाच्या साली मी लातूरला गुडघा बदलून घेतला. तिथं व्यायामाच्या खोलीत शेजारच्या पलंगावर रोज घरून येणाऱ्या एक मावशी असायच्या. नाव कधी विचारलं नाही. पदर खोचून, दात आवळून त्या पाय वाकवायच्या. त्यांना कण्हताना मी कधी ऐकलं नाही. तरी गुडघा वाकेना.

"रात्री झोप लागते का?" व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी विचारलं. "झोप नसली की दुखणं जास्त जाणवतं, मग पाय वाकत नाही."

"कशी लागंल? पान्याचा टँकर रातीत कवा हॉर्न दील, नेम न्हाई. गुडघा नवा बसवला बाई, कान जुनेच हायत."

मॅडम म्हणाल्या, डॉक्टरांना झोपेची गोळी विचारू. मावशी उसळल्या. "मला कशाला गोळी? घरात चार जनं घोरून राहिलेत की!" आणि दाराशी उभ्या मुलाला म्हणाल्या, "आजपासून हॉर्न तू ऐकायचा."

"मला जाग येत न्हाई, आई."

"मलाबी येत नव्हती. नांदायला आल्यावर यायला लागली."

मग पदर तोंडावर ओढून मावशी तिथंच, भर दुपारी झोपल्या. त्यांना उठवायची हिंमत कुणाचीच झाली नाही.