हॅलोमामाची शिट्टी

माझ्या मामाला सगळं गाव हॅलोमामा म्हणतं. सभा असो, लग्न असो, शाळेचा बक्षीस समारंभ असो, पहिला आवाज त्याचाच. "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, एक, दोन, तीन." चार कधी येत नाही. का, असं मी लहानपणी विचारलं तर म्हणाला, "चारपासून लोक बोलतात." लाऊडस्पीकर भाड्याने देणं हा त्याचा धंदा, आणि त्या धंद्याबद्दल त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं: "आपण आवाज देतो, मत देत नाही." हे तो अशा ऐटीत म्हणायचा, की मत असणं म्हणजे अंगाला खरूज होण्यासारखं काहीतरी आहे असं ऐकणाऱ्याला वाटावं.

त्या वर्षी गावात मतांचा सुकाळ होता. समुद्र खालच्या वस्तीच्या पायऱ्यांना लागायला लागला होता. भरतीला रस्त्यावर पाणी, ओहोटीला चिखल. तिथली घरं उठवून वर टेकडीकडे न्यावीत असं नगरपालिकेने सुचवलं आणि गावात दोन तट पडले. एका तटाचे पुढारी विज्ञानाचे मास्तर. त्यांचं म्हणणं, हवामान बदललंय, समुद्र चढतोय, आज चालत हलला नाहीत तर उद्या पोहत हलाल. दुसऱ्या तटाचा पुढारी बंदरावरच्या लॉजचा मालक. त्याचं म्हणणं, समुद्र काय काल जन्मला का? आमच्या आजोबांच्याही ओट्याला लागत होता. मामाने पहिल्यांना 'बुडालो मंडळी' आणि दुसऱ्यांना 'कायनाही मंडळी' अशी नावं ठेवली होती, आणि दोघांनाही तेच स्पीकर, तेच माईक, तोच हॅलो तो पुरवत होता. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण मामा दोन्हीकडे पोटभर जेवत होता.

आता शिट्टीचं सांगते. माईकचा आवाज फार वाढवला की स्पीकर कर्कश शिट्टी मारतो, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ती आपोआप येते असं लोकांना वाटतं. मामाच्या सभांत ती आपोआप येत नसे. वक्ता लांबला की अध्यक्ष खूण करायचे आणि मामा आवाज कमी-जास्त करायच्या मिक्सरवरचं बटण हळूच वर सरकवायचा. कूंऽऽ! वक्ता दचकून मागे सरायचा, हशा पिकायचा, वक्ता "असो" म्हणून आटोपतं घ्यायचा. शिट्टी झाली की मामा त्याचा माईक बंदच करून टाकायचा, म्हणजे पुन्हा सुरुवात नको. अध्यक्षांना वाईटपणा नाही, वक्त्याला राग नाही. साप मरायचा आणि काठीही मोडायची नाही. मंत्र्याच्या भाषणालाही त्याने एकदा ही शिट्टी मारली होती. जेवायला बसलं की आज कोणाला पाडलं ते तो रंगवून सांगायचा आणि आम्ही घरचे पोट धरून हसायचो.

दोन्ही मंडळींची मिळून जी मोठी सभा झाली, तिथे मीही होते. मास्तरांनी तक्ते दाखवले. लॉजवाल्याने आजोबांचा फोटो दाखवला. मग एकमेकांच्या तक्त्यांवर आणि आजोबांवर चिखलफेक झाली. पंखे नावाला फिरत होते, लोक खुर्च्या सरकवत होते, मामाच्या पोटात कावळे ओरडत होते. सभा संपतेय असं वाटलं तेवढ्यात खालच्या वस्तीतल्या शिवणबाई उठल्या.

शिवणबाई म्हणजे मशीनवर पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या. बोलायला लागल्या की धागा कुठून काढतील आणि कुठे गाठ मारतील याचा नेम नाही. त्यांचे यजमान बंदरावर क्रेन चालवायचे, धिप्पाड माणूस. झटका येऊन दोन्ही पाय गेले तेव्हापासून अंथरुणाला खिळलेले. बाईंनी माईक हातात घेतला आणि सुरुवात केली ती ओल्या भिंतीमुळे पडद्यांना येणाऱ्या वासापासून. तिथून मशीनच्या गंजलेल्या सुईवर आल्या. तिथून यजमानांच्या पलंगावर. "मला इतकंच विचारायचंय," त्या म्हणाल्या, "की पाणी आलंच, तर..."

कूंऽऽ!

सभागृह हसलं. बाई हबकल्या, माईककडे बघत राहिल्या, ओठ हलवत काहीतरी बोलल्या, ते कुणाला ऐकू गेलं नाही. मग "असो" देखील न म्हणता खाली बसल्या. अध्यक्षांनी आभार मानले. त्या दिवशी मामाला कुणी खूण केलेली नव्हती. शिट्टी त्याने स्वतःच्या भुकेपायी मारली होती.

पुढच्याच महिन्यात वादळ आलं, तेही ऐन मोठ्या भरतीला. दुपारी खालच्या वस्तीत पाणी शिरलं. ज्याला पाय होते तो टेकडीकडे पळाला. मामाचं गोदाम त्या वस्तीच्या तोंडाशीच. तो ॲम्प्लिफायर, मिक्सर, स्पीकर एकेक करून खांद्यावरून माडीवर चढवत होता. शिवणबाईंनी दारात उभं राहून हाका मारल्या, पण वाऱ्यापुढे कुणाचं काय चालणार? मग त्यांनी गिऱ्हाइकांच्या कापडाचे तागे यजमानांच्या गादीखाली सारले. पाणी चढेल तसे आणखी तागे. संध्याकाळी होडी घेऊन माणसं पोचली तेव्हा यजमान गळ्यापर्यंत भिजलेले होते, बाई त्यांचं डोकं हातांवर धरून उभ्या होत्या. इस्पितळात छातीत पाणी झालं आणि ते गेले.

बाईंना मारलेली ती शिट्टी भुकेपायी होती, हे मामाने मला सांगितलं ते त्यानंतर. आमच्या स्वयंपाकघरात, माझ्याकडे पाठ करून, पाण्याचा ग्लास विसळत. तो ग्लास आधीच स्वच्छ होता.

"बाईंना जाऊन सांग," मी म्हटलं.

"सांगून माणूस परत येणार आहे का?"

"नाही येणार. म्हणून गप्प बसायचं?"

"तू लहान आहेस," तो म्हणाला. माझे केस पिकायला लागलेत. पण या माणसाला पेचात धरलं की मी लगेच लहान होते.

सांगायचं सोडून त्याने भलतंच सुरू केलं. बाईंच्या मशीनची भिजलेली मोटर दुरुस्त करून दिली. दाराला घंटी बसवली. रेडिओ नेऊन दिला. बाई गावभर सांगत सुटल्या, "भाऊ म्हणजे देवमाणूस." हे कानावर आलं की मामा दिवसभर कुणाशी बोलत नसे. मला त्याचा राग येई आणि कीवही येई. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर भरदुपारचं ऊन पडलं होतं. रस्त्यात कुणी नुसती शीळ घातली तरी तो मान खाली घाली.

त्यात सभा काही थांबल्या नव्हत्या. बुडालो मंडळी म्हणत, बघा, पहिला बळी गेला. कायनाही मंडळी म्हणत, गटारं साफ असती तर माणूस जगला असता. दोन्हीकडून त्या बिचाऱ्या क्रेनवाल्याला व्यासपीठावर उभं करत होते, आणि दोन्हीकडे आवाज मामाचा. एका सभेत त्याने टेस्टिंगला "हॅलो" म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. बोटाने माईकवर टकटक केलं आणि खाली उतरला.

पुन्हा दोघांची एकत्र सभा ठरली, आणि आदल्या दिवशी शिवणबाई दुकानात आल्या. मी तिथे मामाला वायरी गुंडाळायला मदत करत होते.

"भाऊ, तुमच्याकडे तो हातात धरायचा साधा कर्णा असतो ना, तो द्याल का उद्या?"

"कशाला? माईक आहे की."

"माझा आवाज त्याला सोसत नाही," बाई अगदी ओशाळून म्हणाल्या. "मागे बघा ना कसं ओरडलं तुमचं यंत्र. बिघडलं तर नाही ना माझ्यामुळे? खालच्या वस्तीत अजून तिघं-चौघं आहेत पडून असलेले. कुणाला उचलायला कोण जाणार, एवढं तरी आधी ठरवा म्हणायचंय मला. तुमच्या मशीनवर पुन्हा शिट्टी झाली तर परत राहून जाईल."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम वायरीकडे पाहिलं. सुटका करायला मी काही येणार नव्हते.

"ताई," तो म्हणाला, "तुमच्या आवाजात काही खोट नाही. शिट्टी मी मारली होती."

बाईंना कळेना. मग त्याने बटण दाखवलं, वर सरकवलं की काय होतं ते सांगितलं, भुकेचंही सांगितलं. मला वाटलं, संपलं. पण तो थांबला नाही, आणि पुढचं त्याने मलाही सांगितलेलं नव्हतं.

"लोकांना ऐकू जाणं मी बंद केलं. पण माझ्या कानाला हेडफोन असतो. माईक बाहेर बंद असला तरी त्यात येतं. तुम्ही म्हणालात, 'ह्यांना उचलायला चार माणसं लागतात, कुणी येईल का?' मी ऐकलं होतं. वादळाच्या दिवशी स्पीकर माडीवर नेताना ते मला आठवलं होतं, ताई. म्हटलं, एवढी खेप झाली की जातो. मग म्हटलं, अजून एक."

मामा स्टुलावर बसला. मी बाईंकडे बघायचं धाडस केलं नाही. वाटलं, आता शिव्या घालतील, घालाव्यात, कानफटीत मारावी.

बाईंनी ते बटण बोटाने खाली सरकवलं. मग खुर्ची ओढून त्याच्या समोर बसल्या.

"पाणी चढत होतं ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा आमचं भांडण चाललं होतं. हे म्हणत होते, तू जा, तुझं त्या सभेत कुणीसुद्धा ऐकलेलं नाही. मी म्हणत होते, एकाने तरी ऐकलं असेल. ज्याने ऐकलं असेल तो येईल."