ओटीतलं हळकुंड

यजमान गेल्यापासून दोन वर्षं मी देवघरात दिवा लावला नव्हता. रागच धरला होता. शेगावच्या महाराजांच्या फोटोकडे पाठ करून चहा प्यायचे. त्यातच पाठीचा मणका दबला. वयानं हाडं विरळ झालीत की आत दुसरंच काही आहे, ते एमआरआयमध्ये कळेल, असं डॉक्टर म्हणाले. ते ‘दुसरंच काही’ मनात घेऊन मी खामगावात त्या थंड खोलीबाहेर बसले आणि मला आई आठवली.

महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं. मी दहाएक वर्षांची असेन. विहिरीपाशी घसरून आईची पाठ धरली होती, कापूस वेचायला वाकता येईना. संग्रामपूरकडच्या आमच्या गावाहून आधी बैलगाडी, मग एसटी असं करत बाबा तिला याच खामगावात एक्स-रे काढायला घेऊन आले. गळ्यातलं काढा, फोटोत हाडांवर येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आई काढेना. बाबा म्हणाले, अगं मी धडधाकट इथं उभा आहे. आईचं एकच, “तुमच्यासाठीच तं नाई काढत.” एवढा खटाटोप करून तसंच परतायची पाळी आली. बाकावर शेगावहून दर्शन करून आलेली एक बाई बसली होती, ना ओळख ना पाळख. तिनं आपल्या ओटीतलं हळकुंड काढलं, पदराचा धागा ओढला आणि ते आईच्या गळ्यात बांधलं. “आता काढ ते मणी. गळा रिकामा नाई राह्यला.”

हाडं विरळ झाली होती, पण मोडली नव्हती. आई पुढे पुष्कळ वर्षं हिंडती-फिरती राहिली. ते हळकुंड तिनं कुंकवाच्या डबीत धाग्यासकट जपलं. महाराजांनीच त्या बाईला धाडलं, म्हणायची. मी हसायचे. आई गेल्यावर मात्र ते माझ्या पर्समध्ये आलं.

आज त्या थंड खोलीबाहेर माझ्याआधी नंबर असलेली एक तरुण सून अशीच अडून बसली होती. यंत्रापाशी धातू चालत नाही आणि तिला मंगळसूत्र काढवत नव्हतं. नवरा नुकताच मोठ्या दुखण्यातून उठला होता. सासू वैतागली होती. मी पर्स उघडली आणि हात थबकला. हळदीकुंकवाला मला आता कोणी बोलवत नाही. माझ्या हातची हळद हिला कशी चालेल? तिनंच बांधावं म्हणून मी हळकुंड सासूपुढे धरलं. सुनेनं माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि मान माझ्यापुढे वाकवली.

“नाई मावशी. तुमीच बांधा.”

गाठ माझ्या हातून दोनदा सुटली. डोळे भरून आले होते.

ती हळकुंड गळ्यात तसंच ठेवून घरी गेली, मीही मागितलं नाही. यंत्रात ठकठक सुरू झाली तेव्हा दोन वर्षांनी महाराजांचं नाव तोंडी आलं. मागणं काही सुचलंच नाही. माझी हाडं आईसारखीच विरळ निघाली, दुसरं काही नव्हतं. संध्याकाळी दिवा लावला. महाराज कोणाला कोणाकडे धाडतात, ते आपण ठरवायचं नसतं. मी आपली समजत होते की पाठ दाखवायला आले आहे.