पाठ बघणारी मावशी

फॅशनची राजधानी पॅरिस आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा लातूरला माझ्या मावशीकडे जाऊन यावं. फक्त तिच्याकडे तोंड करून उभं राहू नये, ती ओळखणार नाही. मी तिची सख्खी भाची. नांदेडहून बसचे धक्के खात तिच्या दारात उभी राहते, तर ती चष्मा कपाळावर चढवून मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघते आणि म्हणते, "वळ बरं जरा." मी वळले की मागून आरोळी येते, "अगं बया, तू व्हय! उजवा खांदा पाडून चालायची खोड गेली न्हाई वाटतं अजून!" मग मायेने जवळ घेते, तेही पाठीमागूनच.

हा सगळा तिच्या नोकरीचा परिणाम. मावशी जन्मभर एसटीत कंडक्टर होती. लातूर-मुरुड, लातूर-उदगीर, कधी थेट माहूर. गाडीत मागे उभं राहून तिनं जग पाहिलं, आणि जग पुढे तोंड करून बसलेलं. "तोंडं समदी गावाकडं, मला नुसत्या पाठी," असं ती सांगते. पण त्या पाठींवरून कोणती बाई माहेराला निघालीय आणि कोणती सासरी परत चाललीय, हे ती तिकीट फाडायच्या आधी सांगायची. मांडीवर पोर झाकून अर्धं तिकीट चुकवणारी बाई तर ती पाठीच्या वाकावरून धरायची. "तोंडाला पावडर लावता येती, पाठीला काय लावणार? पाठ खरं बोलती," हे तिचं ब्रह्मवाक्य. त्यातूनच तिला असा शोध लागला की फॅशनवाल्यांनी आजवर बाईची चुकीची बाजू सजवली.

रिटायर झाल्यावर बाकीच्या बायका गुडघे धरून बसतात. मावशीनं पुढच्या खोलीत बुटीक काढलं. शिवण तिला आधीपासून येत होतीच, आता कल्पनांना पूर आला. पण कंडक्टरकी काही अंगातून गेली नाही. गिऱ्हाइकांना ती रांगेत बसवते, जागा अडवून बसलेल्या पिशव्या मांडीवर घ्यायला लावते आणि माप घेताना "पुढं सरका, पुढं सरका" करते. एकदा एका वकीलबाईंनी गळ्याला पुढून लटकन लावायचा हट्ट धरला. मावशी म्हणाली, "पुढून तुमी सोता बघणार, आरशात. मागून अख्खं कोर्ट बघणार. कुणासाठी शिवू?" वकीलबाई कोर्टात कधी गप्प बसत नाहीत म्हणे, इथं बसल्या.

मोबाइलवर ती पॅरिसचे शो बघते. एका ड्रेसवर महिनोन् महिने काम करतात आणि तसा दुसरा काढत नाहीत, हे ऐकल्यापासून तिला त्या लोकांबद्दल भाऊबंदासारखा जिव्हाळा आहे. टीका मात्र सोडत नाही. "ही पोरगी उपाशी हाय, हिला आदी कुणीतरी जेवू घाला." आणि ते रॅम्पवर टोकापर्यंत येऊन परत फिरणं तिला अजिबात पटत नाही. "नुसत्या येऊन राहिल्या आन् जाऊन राहिल्या. उतरत कामून न्हाईत कुठं?"

पॅरिसचा सीझन कधी असतो ते असो, मावशीचा सीझन एप्रिलातल्या जयंतीचा. मग बुद्धपौर्णिमा, मग लग्नं. आमच्यात या सगळ्याला पांढरं नेसतात. पांढरी साडी, फार तर निळा काठ. म्हणजे रंग ठरलेला, साडी ठरलेली, आता बाईनं हौस करायची कुठं? मावशीचं उत्तर तयार असतं. "मिरवणुकीत समोरून कोण बघतंय? मागची बाई पुढचीची पाठ बघत चालती. सगळ्यात लांब रॅम्प आपला हाय." म्हणून तिचा नियम असा की एका मिरवणुकीत दोन पाठी सारख्या दिसता कामा नयेत. कुणाच्या पाठीवर पिंपळपान, कुणाच्या पाठीवर नुसती निळी तिरपी रेघ, शाळेतल्या बाईंच्या पाठीवर बारीक चौकटी. लोक हसत, पण शिवायला तिच्याकडेच टाकत.

मग गेल्या साली महिला मंडळानं सगळ्यांचे ब्लाऊज एकसारखे करायचं ठरवलं. फोटोत छान दिसतं म्हणून. मावशी भडकली. "मिलिटरी हाय का? एवढ्या बाया आन् एकच पाठ? मी न्हाई शिवत!" काम समोरच्या रेडिमेडवाल्या पोरीकडे गेलं. जयंतीच्या दिवशी मिरवणूक दारावरून निघाली तेव्हा मी मावशीबरोबर ओट्यावर उभी होते. बायका हसत, हात हलवत पुढे गेल्या आणि मावशी त्या सारख्या पाठींकडे बघतच राहिली. शेवटी हळूच मला म्हणाली, "ह्यातली आपली शेजारीण कंची गं?" तिला एकही ओळखू आली नव्हती. मला हसू आलं, पण ते दाबून मी बोटानं शेजारीण दाखवली.

तिथून बुटीकला उतरती कळा लागली. लातुरात रिकामी खोली कुणाला बघवत नाही. गावोगावची पोरं क्लासला येतात आणि त्यांना राहायला जागा पुरत नाही. मावशीचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, स्वभावानं चांगला पण व्यवहारी. तो म्हणाला, "आई, पुढच्या खोलीत कॉट टाकू, पोरं ठेवू. किती दिवस मशीन पुसत बसणार?" मावशीनं एक सीझन मागून घेतला. त्यात जमलं नाही तर खोली त्याची.

आणि तेवढ्यात मंडळानं फॅशन शो काढला. विहारामागच्या सभागृहात, रविवारी दुपारी. समोरची पोरगी आणि मावशी, दोघींनी आपापलं काम दाखवायचं, बायकांना जिचं आवडेल तिच्याकडे यंदाचे ब्लाऊज. मी नांदेडहून गेले, आई मुरुडहून आली.

आता आईबद्दल सांगायला हवं. मावशी आईच्या पाठची. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा आईनं रोजानं कामाला जाऊन हिला वाढवलं आणि शिकवलं. शाळा दुसऱ्या गावात, मधे ओढा. आई पुढे आणि मावशी मागे, अशी ती शाळेला जायची. मावशी बुटीकवाली झाल्यापासून एकच धोशा लावून होती, "आक्का, येक ब्लाऊज शिवू दे." आईचं एकच उत्तर असे. "माझा मुरुडचा शिंपी बरा हाय. बंद गळा, कोपरापर्यंत बाही. तुझ्या फॅशनीत मला म्हातारीला नको वढू."

शोला आधी समोरच्या पोरीच्या मॉडेल आल्या. गाणं लागलं, पोरी हसत हसत पुढे आल्या, गिरकी घेऊन गेल्या, टाळ्या पडल्या. मग मावशीची पाळी. गाणं बंद. पडदा हलला आणि मावशीच्या गल्लीतली नर्सबाई उलटी चालत बाहेर आली.

मावशीनं रॅम्प म्हणून लावलेल्या टेबलांच्या टोकाशी जागा घेतली होती. डेपोत गाडी मागे घेताना कंडक्टर करतात तशी ती टेबलावर थापा मारत ओरडायला लागली, "येऊ दे... येऊ दे... डावीकडं दाब... सरळ कर... येऊ दे... बस्स!" एक जोरदार थाप. नर्सबाई जागच्या जागी थांबली. पाठीवर निळ्या धाग्याचं सुंदर पिंपळपान, पण ते बघायला लोक भानावर होते कुठे? सभागृह हसून हसून बेजार. मागोमाग समोरच्या किराणावाल्या अप्पांच्या सूनबाई आल्या. त्या आमच्यातल्या नाहीत, पण मावशीच्या शिवणीवर इतक्या खूश की जयंतीला नाही तर महाशिवरात्रीला घालीन म्हणून ब्लाऊज शिवून घेतात. त्यांनी "डावीकडं" ऐकून उजवीकडे घेतलं आणि स्पीकरच्या खोक्यावर जाऊन बसल्या. "रिकामी शीट दिसली की बसायचंच का?" मावशी गरजली.

मावसभावानं कपाळाला हात लावला. आमच्या शेजारीच बसला होता. पुटपुटला, "झालं. उद्याच कॉट आणतो."

आईनं ऐकलं. ती सावकाश त्याच्याकडे वळली.

तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षबाईंनी शेवटचा ब्लाऊज पुकारला. मावशीच्या हातात तो घडी घातलेला होता. "कोण घालणार हा?" त्यांनी विचारलं.

"जिचा हाय ती बसलीया तिथं," मावशी आईकडे बघून म्हणाली. "माप घ्यायची गरज पडली न्हाई."

एरवी आईनं तिला तिथंच झापलं असतं. पण ती उठली. भाच्याला म्हणाली, "माझी भईण अजून जित्ती हाय. तुझ्या कॉटा ठेव तुझ्या डोक्यावर." आणि तरातरा पडद्यामागे गेली.

बाहेर आली ती पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून, बाजूच्या दारानं, खाली आमच्यात. "मी जल्मात उलटी चालले न्हाई," तिनं मावशीला बजावलं. "मी आपली सरळ चालणार. इकडून चढते आन् तिकडं जाते. बघू दे कुणाला काय बघायचं ते." ती टेबलांवर चढली, पदर मोकळा केला आणि आमच्याकडे पाठ करून पडद्याच्या दिशेनं चालू लागली. युक्ती झकास होती. पण टेबलं हलायला लागली, आणि आक्का पडेल या भीतीनं म्हणा की कशानं, मावशी पटकन तिच्या मागे चढली. हात पुढे करून, अगदी पावलावर पाऊल टाकत चालू लागली.

झालं! ज्या ब्लाऊजसाठी एवढा खटाटोप, तो मावशीनंच झाकून टाकला. आम्हाला दिसली ती मावशीची स्वतःची पाठ. साऱ्या लातूरच्या पाठी सजवणाऱ्या बाईचा ब्लाऊज खांद्याला उसवलेला, आणि ते उसवलेलं युनिफॉर्मच्या खाकी दोऱ्यानं टाचलेलं. मागून बायका ओरडायला लागल्या, "अगं सरक की बाजूला! दिसून न्हाई राहिलं!" कुणीतरी म्हणालं, "कंडक्टरबाई, पुढं सरका!" पण मावशीला काही ऐकू जात नव्हतं. त्या दोघी तशाच एकामागे एक पडद्याआड गेल्या. हशा ओसरला आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली मावशीच्या घरात. आक्काच्या पाठीवर काय आहे? आई भिंतीला टेकून, पदर घट्ट धरून बसलेली. "माझी पाठ काय नुमाइश हाय?" असं म्हणून तिनं सगळ्यांना हाकललं. पण दिसलं नाही म्हणूनच की काय, बायकांना चैन पडेना. आक्काचा नाही तर नाही, माझं माप घे, असं म्हणत एकेक जण बसली. मंडळाच्या अध्यक्षबाईसुद्धा बसल्या. मावसभावानं शेजारून खुर्च्या मागून आणल्या आणि कॉट मागच्या खोलीत टाकू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आईला मुरुडच्या गाडीत बसवायला गेलो. ब्लाऊज तोच होता, आईनं काढलाच नव्हता. गाडीत चढताना पिशवी सावरायला तिनं पदर सोडला, आणि मला दिसलं. पाठीवर काहीच नव्हतं. पान नाही, रेघ नाही, चौकटी नाहीत. बंद गळा, कोपरापर्यंत बाही, अगदी मुरुडच्या शिंप्याचा वाटावा असा. फक्त खाली कमरेपाशी निळ्या दोऱ्याचा एक छोटा मजबूत फासा होता, एक बोट अडकेल एवढा.

"मावशी, ते खाली काय लावलंयस?" मी विचारलं.

"धरायला," मावशी म्हणाली. "वढ्यात पानी आलं की आक्काच्या पोलक्याला धरून चालायची मी. सारखं निसटायचं." आणि तिनं तोंड दुसरीकडे केलं.

तेव्हा मला कळलं, काल टेबलांवर तिचा हात पुढे कुठे होता ते.

आई खिडकीशी बसली. मावशीनं गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, "जाऊ द्या!" म्हणून ओरडली, आणि ज्या गाडीची ती कंडक्टर नव्हती ती गाडी निघाली. वळणापलीकडे जाईपर्यंत ती तिथंच उभी होती. मी जरा मागे थांबले होते. तिचा उसवलेला खांदा तेवढा हलताना दिसत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला पाठ वाचता आली.

मग नाक पुसून ती वळली, माझ्याकडे अनोळखी नजरेनं बघितलं आणि म्हणाली, "चल बिगीनं. दारात बाया येऊन बसल्या असतील."