मंद्रूपला गेलेलं पिल्लू

दवाखान्यात नरसय्याला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. खिडकीला गोणपाट लावून उजेड अडवलेला. मला आत सोडेनात, म्हणून मी दारातच उभा राहिलो. शेजारी त्याची बायको राजव्वा, पदराचा बोळा तोंडात कोंबून. पाण्याचा तांब्या कुणीतरी बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवला होता, कारण तो नुसता दिसला तरी नरसय्याच्या घशाला पीळ पडायचा. मला बघून त्यानं एवढंच विचारलं, "अण्णा, मंद्रूपची पोरगी सापडली का?" मी नाही म्हणालो. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं... दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेहुणा सायकलवरून आला, आणि तो काही बोलायच्या आधीच मला कळलं. त्याला आता महिना होऊन गेला. लोक म्हणतात, चार चांगल्या आठवणी लिहा. लिहितो. पण पोटात नुसता जाळ आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

नरसय्या माझा शेजारी, एका भिंतीआडचा. मागावर चादरी विणायचा. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि रागावला की दोन्हींची खिचडी. तो कामाला होता त्या कारखान्यात सुताच्या पोत्यांना उंदीर लागायचे, म्हणून मालकानं राणी नावाची कुत्री ठेवून घेतली होती. राणी त्या पोत्यांआडच व्यायची, आणि पिल्लांचं सगळं नरसय्याकडं. मागांच्या खडखडाटात वाढलेली ती पिल्लं! दारावरून वरात गेली काय आणि कानाशी सुतळी बॉम्ब फुटला काय, ढिम्म हलायची नाहीत. त्यामुळे आमच्या पेठेत त्यांना भारी मागणी. पण हा बाबा सहजासहजी देईल तर शपथ. पिल्लू भाकरी खात असताना हा ताटलीत हात घालायचा. तोंडात बोट देऊन बसायचा, दात लागला की नाकावर टिचकी. गल्लीतली पोरं बोलावून त्यांना शेपूट ओढायला लावायचा, पुढ्यात फटकन छत्री उघडायचा. मी चिडवायचो, "अरे, माणसाच्या पोराला तरी कुणी एवढं शिकवतं का?" तो म्हणायचा, "माणसाचं पोरगं चावलं तर त्याला कुणी मारून टाकत न्हाई, अण्णा."

पिल्लू देताना दम ठरलेला. "नीट सांभाळलं न्हाई तर येऊन घेऊन जाईन, बघा." आणि खरंच न्यायचा. एका किराणावाल्यानं पिल्लू दिवसभर उन्हात बांधून ठेवलं, तर हा भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर त्याच्या नावानं शंख करून पिल्लू काखोटीला मारून आला होता. घर बघितल्याशिवाय त्यानं कधी पिल्लू दिलं नाही. एकदाच दिलं.

या खेपेला राणीला चार पिल्लं झाली. तीन पेठेतच गेली. चौथं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं, जरा भित्रं होतं. त्याला गर्दीची, बैलांची सवय व्हावी म्हणून नरसय्या ते पिशवीत घालून एसटीनं मंद्रूपच्या बाजाराला घेऊन गेला. तिथं एका शेतकऱ्याच्या लहान मुलीनं ते उचललं ते सोडेचना. रडून रडून गोंधळ घातला. हा विरघळला. दम देऊन पिल्लू तिच्या हवाली केलं, आणि त्या माणसाचं नाव-गाव काही विचारलं नाही. घरी आल्यावर राजव्वाला म्हणाला, "पोरगी लई गोड होती."

त्यानंतर थोड्याच दिवसांत राणी पिसाळली. जबडा लोंबलेला, लाळ गळतेय, दिसेल त्या लाकडाला चावतेय. दोन दिवसांत मेली. पाठोपाठ पेठेतलं एक पिल्लूही तसंच गेलं. नरसय्याच्या तोंडचं पाणी पळालं. घरोघर जाऊन त्यानं माणसं गोळा केली, पोराबाळांना दवाखान्यात नेऊन रांगेत उभं केलं. लोकांनी शिव्या घातल्या, त्या मुकाट्यानं ऐकल्या. राहिलेली दोन पिल्लं म्युनिसिपालटीच्या माणसांच्या हातात त्यानंच दिली, आणि कारखान्यामागं जाऊन ढसाढसा रडला. डॉक्टरांनी त्यालाही बजावलं होतं. सुतानं कापलेली बोटं, आणि तीच रोज पिल्लांच्या तोंडात! पोटातली इंजेक्शनं, रोज एक, खाडा करायचा नाही.

पण मंद्रूपच्या पोरीचं काय? या एका प्रश्नानं त्याला पार खाऊन टाकलं. तीन-चार इंजेक्शनं घेतली आणि हा गडी मंद्रूपला पळाला. मग बाजार असो नसो, आज मंद्रूप, उद्या आजूबाजूच्या वस्त्या. संध्याकाळी परत येईस्तोवर दवाखान्यातला इंजेक्शनवाला निघून गेलेला. मी डोकं आपटून घेतलं. "अरे गाढवा, गावात दवंडी दे! पिसाळलेल्या कुत्रीचं पिल्लू आहे म्हणून सांग, माणूस आपल्या पायानं येईल."

"दवंडी दिली की गावातलं एक कुत्रं जित्तं राहणार न्हाई, अण्णा. काठ्या घेऊन निघतील सगळे."

"मग तुझं इंजेक्शन?"

"माझं घेतो की. पोरगी सापडू दे आधी."

म्हणून तो नुसतंच विचारत फिरला, पांढऱ्या ठिपक्याचं पिल्लू कुणाकडं आहे, माझं आहे ते. राजव्वानं हातापाया पडून बघितलं, जेवण करून ठेवलं तर ते तसंच टाकून हा पहाटेची गाडी पकडायचा. पुढं महिन्याभरानं एके सकाळी म्हणाला, बोटांना मुंग्या येतायत. चहाचा कप त्यानं तोंडाशी नेला आणि न पिताच खाली ठेवला... पुढचं मी लिहीत नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी मंद्रूप गाठलं आणि भर बाजारात, चहाच्या टपरीवर उभा राहून सगळं बोलून टाकलं. कुत्री मेली तर मरू देत, असंच तेव्हा वाटत होतं. तिसऱ्या दिवशी राजव्वाच्या दारात एक शेतकरी उभा. हातात दोरी, दोरीला कपाळावर ठिपका असलेलं कुत्रं. चांगलं थोराड झालेलं, डोळे स्वच्छ, शेपूट हलतेय. राणीचं विष त्याला लागलंच नव्हतं.

"पोरगी?" मी ओरडलोच.

"बरी हाय जी. कुत्रंबी ठणठणीत हाय." तो दोरी हाताला गुंडाळत राहिला. "त्यास्नी बाजारात मी दोनदा बगितलं. पिल्लाचं इचारत हुते. मला वाटलं, न्ह्यायला आले. तसं म्हनलंच हुते की देताना. पोरीनं लई जीव लावलाय ह्याला... म्हनून मी बैलाआड हुबा राहिलो. बोललोच न्हाय."

माझा हात उठला होता, खोटं कशाला सांगू? त्या माणसाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण राजव्वानं मला बाजूला सारलं. तिनं त्याला आत घेतलं, घोंगडीवर बसवलं. कुत्र्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"तुमी त्यांना जवळून बघितलं?"

"व्हय."

"खाल्लं होतं का त्यांनी काय?"

तो माणूस मान खाली घालून म्हणाला, "भजी घेतली हुती, कागदात. हुब्या हुब्या खात हुते. निम्मी बाजारातल्या कुत्र्यास्नी टाकली."

"निम्मी खाल्ली ना पण?"

"खाल्ली, माय."

"बरं झालं," राजव्वा म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्यानं रडली.