आक्कांचं बोट

घरात शिरताना त्या हाक मारत नसत. थेट बाळापाशी जात, उजव्या हाताचं बोट त्याच्या तोंडात घालून हिरडी चाचपत आणि निकाल देत, "दात येत्यात. दुसरं काय न्हाय." मग बोट पदराला पुसायचं आणि पुढच्या घरातलं बाळ गाठायचं.

सोलापुरातल्या आमच्या गल्लीच्या या आक्का. तुमच्याही गल्लीत अशा कुणी असतील. नसतील तर तुमची पोरं नशीबवान म्हणायची. गल्लीच्या तोंडाशी माझं मेडिकलचं दुकान आहे, त्यामुळं कुणाच्या पोराला जुलाब लागले हे मला त्याच्या बापाआधी कळतं. उन्हाळ्यात साथ सुरू झाली की आक्का आजारी पोराला बघायला जायच्या, तिथनं शेजारी जायच्या, आणि एक-दोन दिवसांत तो शेजारी माझ्या काउंटरवर उभा असायचा. साथ त्यांच्या मागोमाग चालायची, त्यांच्यासारखीच गुडघे धरून, पण एकही घर न चुकवता.

दातांचं शास्त्र त्यांच्याकडं पक्कं होतं. ज्याचे सगळे दात आले त्याला दाढा येत असायच्या. चौथीतल्या एका पोराला हगवण लागली तेव्हा म्हणाल्या, दुधाचे दात पडत्यात, त्याचा ताप. त्याच घरात आजोबांचंही पोट बिघडलं होतं. त्यांनी आक्का दिसताच कवळी काढून लपवली.

मी एकदा त्यांना समजावायला गेलो. हा विषाणू असतो, घाणीतनं हाताला लागतो आणि हातातनं पोराच्या तोंडात जातो, तेव्हा आधी साबणानं हात धूत जा, असं सांगितलं. त्यांनी माझ्याकडं कीव येऊन पाहिलं.

"साबण लावला की दोन तांबे पाणी जातं, भाऊ. नळ कवा येणार हाय, तुमाला ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. आलं की घरातलं भांडंन् भांडं भरायचं, आणि मग पिंपात ज्यानं त्यानं तांब्या बुडवायचा, बोटांसकट. निम्मी गल्ली एकाच संडासाच्या रांगेत उभी असते. उरलेली निम्मी सुधारलेली आहे. ती माझ्याकडनं डायपर नेते, वापरून मागच्या मोकळ्या प्लॉटवर टाकते, आणि तिथली कुत्री तो माल घरपोच परत आणतात. ही सुधारलेली मंडळी जुलाबाचा दोष पाणीपुरीवाल्याला द्यायची. दहा महिन्यांचं पोर पाणीपुरी कुठं खातं, असं मी विचारत नसे. गिऱ्हाईक तुटतं.

तरी आक्कांना कुणी दारातनं परत पाठवलं नाही, कारण पोरांच्या आया टॉवेलच्या कारखान्यात कामाला जायच्या. खाडा परवडत नसे. मग ओकणारं पोर दिवसभर मांडीवर घेऊन बसायचं, चमच्या-चमच्यानं पाणी पाजायचं, घाण झालेली दुपटी आपल्या घरच्या पाण्यानं धुवायची, हे सगळं आक्का करायच्या. माझ्या नातवाचंही त्यांनी केलं. त्या चमचाभर पाण्यावर किती पोरं तगली, हे मी दुकानदार असूनही कबूल करतो.

गेल्या उन्हाळ्यात पाळी त्यांच्याच घरावर आली. मुलगा चिंचोळी एमआयडीसीत कामाला, सून मोडनिंबची, आणि नातू दहा महिन्यांचा. त्याला जुलाब लागले. सून पहिल्या दिवसापासून डॉक्टरकडं जाऊ म्हणत होती. आक्कांनी हिरडी चाचपली आणि निकाल दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पोराला छातीशी धरून अनवाणी माझ्या दुकानात आल्या.

"भाऊ, टाळू खाली गेली हो. रडत बी न्हाय."

पोराच्या डोक्यावर बोटभर खळगा पडला होता. अंगातलं पाणी संपलं की असं होतं. मी शटर ओढलं, सुनेला बोलावलं आणि सगळ्यांना रिक्षात घातलं. दवाखान्यात त्याची शीर लवकर सापडेना. सापडली, सलाईन चाललं, आणि संध्याकाळी पोरानं डोळे उघडले. आक्का पुढं वाकल्या. त्यांचा हात सवयीनं त्याच्या तोंडाकडं गेला. सुनेनं मनगट धरलं.

"आत्या, आता ह्याला हात लावू नका."

आवाज चढला नव्हता. पण वॉर्डातल्या सगळ्या बायकांनी मान वळवून पाहिलं.

पोर बरं झालं. मुलानं चिंचोळीजवळ खोली घेतली, आणि आक्का करकंबला दिराच्या घरी गेल्या. गल्लीला हायसं वाटलं. साथीचं मूळ गेलं, असं माझ्या काउंटरवर कोपरं टेकून लोक सांगायचे. गटार तेच, पिंपं तीच, प्लॉटवरचे डायपर वाढलेले. पण एका म्हातारीला गावी पाठवून आमचं आरोग्य सुधारलं होतं.

या उन्हाळ्यात साथ आली. कुणी घरोघर न फिरताही ती प्रत्येक घरी पोचली. माझा नातूही तिच्या तावडीत सापडला. सून कामावर, बायको त्याला चमचा लावून दमली. तो मान फिरवायचा आणि ओकायचा. शेवटी बायकोनं करकंबला फोन लावला आणि चार दिवस येऊन राहा म्हणून गळ घातली. फोन स्पीकरवर होता.

आक्का म्हणाल्या, "येते की. पर हात लावू देताल का त्येला?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. औषधवाला मी, उत्तर मी द्यायचं होतं. मी मान खाली घातली. आतनं नातवाचं रडणं येत होतं, ते पलीकडंही ऐकू गेलं असणार.

"रडतंय म्हंजी बरं हाय," आक्का म्हणाल्या. "घोट-घोट पाजत ऱ्हावा."

आणि त्यांनी फोन ठेवला.