पान एकशे बारा

मी जो काही आहे तो रऊफ सरांमुळे आहे. बिलोली तालुक्यातल्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. भूकंपाच्या पुढच्या वर्षी मी लातूरला आलो, तेव्हा गल्लोगल्ली क्लासेस निघत होते. त्यांतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये सर जीवशास्त्र शिकवत. सडपातळ अंग, पांढरा शर्ट, खिशात लाल पेन. पहिल्याच आठवड्यात मी हात वर केला, "सर, पुस्तकात हे वेगळं दिलंय."

"तोंडी न्हाई बाबा. कागदावर दे. पान नंबर, ओळ नंबर, खाली सही."

हा त्यांचा नियम होता. नोट्समध्ये चूक काढणाऱ्याची चिठ्ठी ते सगळ्या वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवत. आक्षेप बरोबर निघाला तर सगळ्यांना ते पान दुरुस्त करायला लावत. चुकीचा निघाला तर म्हणत, "सही तरी झकास केलीस." शेजारचे क्लासवाले हसायचे, "रऊफमियाँ, असं चुका कबूल करून राहिलात तर पोरं आमच्याकडं येतील." सर म्हणायचे, "येऊ द्या की. चुकीचं उत्तर घेऊन तर येणार न्हाईत."

त्या दिवसांत जमीन अजून अधूनमधून हलायची. एकदा उसाचा ट्रक शेडला लागून गेला, पत्रे खडखडले, कुणीतरी "आला" म्हणालं आणि सगळा वर्ग एकाच दाराकडं धावला. एका मुलीचा हात मोडला. तिला दवाखान्यात पोचवून आल्यावर सर एवढंच म्हणाले, "ट्रकनं काय केलं न्हाई. आपल्याच धावण्यानं हाड मोडलं."

पुढं मी डॉक्टर झालो आणि नांदेडला धमन्यांच्या आजारावर काम करू लागलो. आपल्या पेशींवर जन्मजात पहारेकरी असतात. शास्त्रात त्यांना ग्राही म्हणतात. जंतू दिसला की हाकाटी करायची आणि संरक्षक पेशींना बोलवायचं, हे त्यांचं काम. पण धमनीच्या भिंतीत मुरून बिघडलेली चरबी दिसली तरी ते तशीच हाकाटी करतात. पेशी धावून येतात, ती चरबी खातात आणि तिथंच मरतात. भिंत सुजत जाते. एखाद्या दिवशी ती सुजलेली जागा फुटते आणि त्यावर रक्ताची गुठळी धरते. सरांच्या नोट्समध्ये मात्र पान एकशे बारावर वर्षानुवर्षं एकच ओळ होती: धमनी ही नळी, चरबी हा गाळ, रक्तात चरबी कमी तर धोका नाही.

एके दिवशी सकाळी चाचींचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा फोन आला. "डॉक्टरसाब, तुमचे सर आठ दिवसांपासून छाती चोळून राहिलेत. जिना चढले की घाम. माझं ऐकत न्हाईत. तुम्ही या."

मी तशीच गाडी काढली. आता सरांचा क्लास एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. ते बाहेर खुर्चीवर बसले होते, आणि बसल्या जागीही छातीवरचा हात खाली येत नव्हता.

"ॲसिडिटी हाय. हा बघ रिपोर्ट, कोलेस्टेरॉल नॉर्मल. गाळच न्हाई तर नळी तुंबंल कशी?"

मी त्यांना शेडमधल्या धावपळीची आठवण करून दिली, धमनीतही तसंच होतं म्हणालो. सर हसले. "उपमा देऊन मार्क मिळत न्हाईत. नोट्स चुकल्या म्हणतोस ना? मग लिहून दे. पोरांची चाचणी झाल्यावर बघू."

"सर, तेवढा वेळ नाही."

"मग लवकर लिही."

घंटा झाली आणि ते वर्गात शिरले. मी शेवटच्या बाकावर बसलो आणि शेजारच्या मुलीकडून कागद मागून घेतला. सर फळ्यावर हृदय काढत होते. डावा हात टेबलावर टेकवलेला. खडू दोनदा थांबला. चिठ्ठी हातोहात पुढं गेली. सरांनी नियमाप्रमाणं ती मोठ्यानं वाचायला घेतली. अर्ध्यावर ते थांबले. उरलेलं त्यांनी मनातच वाचलं, खडू खाली ठेवला, वर्गाला म्हणाले, "पान एकशे बारा खोडा," आणि आधारासाठी माझ्याकडं हात पुढं केला.

चिठ्ठी अशी होती:

"सर,

पान एकशे बारा, ओळ चौथी. आक्षेप: धमनीची भिंत जिवंत असते. रिपोर्टमधला आकडा रक्तातली चरबी सांगतो, भिंतीत किती सूज आहे ते सांगत नाही. आकडा नॉर्मल असलेल्यांनाही झटका येतो. बसल्या जागी छातीत दाबत असेल तर थांबायचं नसतं.

पुरावा: माझे अप्पा. त्यांचाही रिपोर्ट नॉर्मल होता. छातीत दाबतंय म्हणाले तेव्हा मी डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मी त्यांना हीच ओळ म्हणून दाखवली. पोरगा शिकलेला, म्हणून ते निर्धास्त होऊन शेताकडं गेले. दुपारी त्यांचा देह बैलगाडीत घालून आणला. ओळ तुमची होती, पण ती तपासून न बघण्याची चूक माझी होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

गाडी खाली उभी आहे.

सही,
माधव"