आबाशेटांच्या घरातल्या दोन खोल्या

दोन गडी शिडी लावून माझ्या छपरावर चढले आणि कौलं उतरवू लागले, तेव्हा खाली खाटेवर आचऱ्याची शेवंता कळा देत होती.

मी मालवणच्या एका दवाखान्यात मिडवाइफ होते. साल साठच्या आसपासचं. दवाखान्यात खाटा मोजक्या. लांबच्या बायकांना ऐन वेळी होडीतून खाडी ओलांडून येणं जमत नसे. म्हणून दिवस भरत आले की त्या आधीच येऊन राहत. त्यांच्यासाठीच मी एकीऐवजी दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. घरमालक आबाशेटांना तसं सांगूनच.

पुढे एक बाई दवाखान्यात पोचायच्या आत खोलीतच बाळंत झाली. शेजारी कुजबुजू लागले. घरात सोयर, म्हणजे जन्माचा विटाळ, आणि आबाशेटांचा तर देवळात मान. त्यांनी खोल्या सोडायला सांगितलं. मी नाही म्हटलं. मग अचानक छपराची दुरुस्ती निघाली.

शेवंताचं मूल पायाळू होतं. म्हणजे डोकं वर, पाय खाली. त्यात पाणी फुटलेलं. अशा बाईला हलवलं तर नाळ आधी घसरून दाबली जाते आणि मूल गुदमरतं.

मी अंगणात गेले. आबाशेट माडाखाली उभे होते. त्यांना हे सगळं समजावलं.

"बाई, दवाखानो थंय आसा," ते म्हणाले. "ह्या माझा घर."

"भाडं मी भरते, तोवर माझंही आहे. ती इथेच बाळंत होणार. छप्पर ठेवा नाहीतर काढा."

वरच्या गड्यांनाही मी ऐकवलं, की कौल निसटून बाळंतिणीला लागलं तर मी पोलिसांत नाव त्यांचंच सांगेन. त्यांच्यातल्या भिवाने हातातलं कौल परत ठेवलं.

"शेटनू, माका ह्या जमाचा नाय," म्हणाला आणि उतरला. त्याच्यामागे दुसराही.

मुलगी झाली. डोकं अडलं, ती निळी पडली, रडायला वेळ लावला. पण रडली. उघड्या छपरातून तो आवाज अंगणभर गेला असणार.

आबाशेटांनी दवाखान्यात तक्रार केली. आमचे डॉक्टर भले, पण वादाला भिणारे. सिस्टर, दुसरी जागा बघा ना, म्हणाले.

"बघते," मी म्हटलं. "तोवर या बायका तुमच्या क्वार्टरमध्ये ठेवू का?"

तो विषय पुन्हा निघाला नाही.

कौलं भिवानेच परत बसवली. आबाशेटांनी मात्र अंगणाकडचं माझं दार चिणून टाकलं आणि मागच्या भिंतीत गल्लीकडे नवं पाडलं. माझ्या बायकांची सावली त्यांना अंगणात नको होती. माझ्याशी ते पुन्हा कधी बोलले नाहीत. बायका मात्र आता कुणाची परवानगी न घेता कधीही येऊ लागल्या. बदली होईपर्यंत मी तिथेच राहिले.

जागा घेताना लोक मालक कसा आहे ते विचारतात. मी पुढे प्रत्येक गावात आधी दाराची रुंदी बघितली. दवाखान्यात न्यायला बाईसकट खाट त्यातून सरळ बाहेर निघाली पाहिजे.